आधी दारू सोडा, मग बघू?

मंडळी, हा लेख नाव न घालता छापावा अशी विनंती मी संपादकांना केली आहे. मंडळातल्या बऱ्याच जणांना दुसऱ्या परिच्छेदातच मी कोण ते कळेल, त्याला माझी हरकत नाही. पण ज्याच्याविषयी लिहायचं आहे त्या माझ्या मित्राचे आईवडील सांगलीजवळ राहतात, आणि आपलं वार्तापत्र हल्ली फोनवरून कुठल्या कुठे पोचतं, म्हणून ही काळजी. दुसरं म्हणजे मी डॉक्टर नाही. गेली चौदा वर्षं सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. पुढे जे येईल ते स्वतःवर बेतलेलं आणि बेतल्यावर इंजिनिअरच्या सवयीनं वाचून काढलेलं आहे. औषधाचा निर्णय आपापल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा, हे एकदाच लिहितो, पण ते सगळ्या लेखाला लागू आहे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये माझा कॉलेजपासूनचा मित्र आणि मी क्लीव्हलंडहून न्यू जर्सीला परत येत होतो. गाडी मी चालवत होतो. संध्याकाळी तो म्हणाला, "ब्लूम्सबर्गला थांबून चहा घेऊ." मी म्हटलं, "दोन तासांत घरी पोचतोय, आता कशाला?" पोकोनोजच्या डोंगरात एकाएकी बर्फाचं वादळ आलं, समोरचं काही दिसेना, आणि पुढे एक ट्रक आधीच आडवा झालेला होता. माझं खांद्याजवळचं हाड मोडलं. तो जागीच गेला. त्याचं शेवटचं वाक्य होतं, "हीटर जरा कमी कर रे."

त्या वेळी मंडळातल्या लोकांनी जे केलं ते मी विसरणार नाही. त्याला भारतात पाठवण्याची सगळी कागदपत्रं, आमच्या घरी महिनाभर डबे, रात्री सोबतीला कोणी ना कोणी. हाड जुळलं, मी कामावर रुजू झालो. सगळे म्हणाले, "वाचलास, आईवडिलांची पुण्याई." मीही तेच म्हणत होतो. फक्त ट्रकच्या ब्रेकचा फुस्स आवाज आला की हाताला घाम सुटायचा. हीटरची गरम हवा तोंडावर आली की मळमळायचं. आय-८० नको म्हणून मी ऑफिसला वीस मिनिटांचा वळसा घालून जायला लागलो. मित्राच्या आईचा फोन आला की तो वाजू द्यायचो. तीन वर्षांच्या मुलीच्या हातून वाटी पडली तरी तिच्यावर ओरडायचो. आणि रोज पहाटे तीनच्या सुमाराला तेच स्वप्न.

दारू सुरू झाली ती झोपेसाठी. "एक घेतो आणि पडतो." २०२० मध्ये सगळे घरून काम करायला लागले, तेव्हा एकाचे किती झाले ते माझं मलाही कळलं नाही. इथे हिशेबाची एक गोष्ट सांगून टाकतो. अमेरिकेत डॉक्टर 'एक ड्रिंक' म्हणतात तेव्हा त्यांना १४ ग्रॅम अल्कोहोल अभिप्रेत असतं: १२ औंस साधी बिअर, ५ औंस वाइन किंवा दीड औंस, म्हणजे सुमारे ४५ मिली, व्हिस्की. मी डॉक्टरांना "रोज दोन" असं सांगायचो. पुढे एकदा स्वयंपाकघरातल्या मापानं मोजलं, तर माझा एक पेग तीन ड्रिंकचा निघाला. आपल्या पार्ट्यांत यजमान प्रेमानं ग्लास भरतात तेव्हाही हे माप लक्षात असू द्यावं.

आता त्या रात्रीच्या स्वप्नांचं नाव. पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, थोडक्यात पीटीएसडी. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या हालांमुळे या विषयाकडे लक्ष गेलं आणि १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हे निदान आलं. म्हणून आपल्याला वाटतं, हे युद्धावर गेलेल्यांचं दुखणं. तसं नाही. रस्त्यावरचा अपघात, बलात्कार, घरातली मारहाण, लहानपणी झालेला अत्याचार, भूकंप, पूर, यांतून गेलेल्या कोणालाही ते होऊ शकतं. प्रसंग नकळत पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, त्याची आठवण करून देणारं सगळं टाळणं, स्वतःला दोष देत मन बधिर होणं, आणि सतत दचकलेल्या, चिडलेल्या अवस्थेत राहणं, अशा चार तऱ्हांची लक्षणं महिन्याहून अधिक टिकली आणि रोजच्या जगण्याच्या आड यायला लागली, तर तपासून घ्यावं. माझ्यात चारही होती. घरात आणि बाहेर दिसत होती ती मात्र पाचवीच गोष्ट, दारू.

हे दोन्ही एकत्र असणं नवलाचं नाही. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत, ज्यांना आयुष्यात कधी पीटीएसडी झालं होतं अशा पुरुषांपैकी सुमारे ५२ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी सुमारे २८ टक्क्यांना कधी ना कधी दारूचाही विकार झालेला आढळला. एडवर्ड खंत्झियान या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८५ मध्येच मांडलं होतं की व्यसनी माणूस पुष्कळदा मौजेसाठी घेत नसतो, सहन न होणाऱ्या भावनेवर स्वतःच औषध करत असतो. औषध लागू पडतं, हीच त्यातली गोम आहे. दारूनं झोप लवकर लागते. पण ज्या झोपेत आपल्याला ठसठशीत स्वप्नं पडतात ती झोप रात्रीच्या पहिल्या भागात दबली जाते आणि दारू उतरली की उत्तररात्री उसळून वर येते. या सदराच्या भाषेत सांगायचं तर रात्री अकरा वाजता घेतलेलं कर्ज पहाटे तीनला दामदुपटीनं फेडायचं, आणि ते फेडायला दुसऱ्या रात्री पुन्हा कर्ज काढायचं.

जानेवारी २०२१ मध्ये बायकोला गॅरेजमधल्या रंगाच्या डब्यांमागे बाटल्या सापडल्या. तिनं सगळ्या सिंकमध्ये ओतल्या, मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. अगदी मराठी सिनेमातल्यासारखं. दुसऱ्या दिवशी दुपारी माझे हात थरथरू लागले, घामानं शर्ट भिजला, संध्याकाळी भिंतीवरून काहीतरी सरपटतंय असं दिसायला लागलं. बायकोनं इमर्जन्सीत नेलं, तिथल्या डॉक्टरांनी तिला सांगितलं की बरं झालं आणलंत. रोज भरपूर पिणाऱ्या माणसानं एकदम थांबणं जिवावर बेतू शकतं. फिट आल्या तर बहुधा ६ ते ४८ तासांत येतात, आणि भ्रम, ताप, छातीची धडधड असं गंभीर स्वरूप दोन-तीन दिवसांनी उलगडतं. तेव्हा घरच्यांनी शपथा घालून बाटल्या ओतू नयेत, आधी डॉक्टरांना फोन करावा. मी पाच दिवस हॉस्पिटलात होतो.

पुण्याहून बाबा म्हणत होते, "सरळ इकडे ये, मुक्तांगणमध्ये चौकशी करून ठेवलीय." १९८६ पासूनचं ते नाव, आपल्याकडे अशा वेळी पहिल्यांदा तेच आठवतं. पण नोकरी, इन्शुरन्स, मुलीची शाळा सगळं इथे. म्हणून इथल्याच एका व्यसनमुक्ती कार्यक्रमात नाव घातलं. आठवड्यातून तीन संध्याकाळी, तीन-तीन तास. माणसं चांगली होती. तल्लफ ही लाटेसारखी चढते आणि ओसरते, तेवढा वेळ काढायचा असतो, हे मी तिथेच शिकलो. पण एकदा गटात अपघाताचा विषय काढला, तर समुपदेशक हळूच म्हणाले, "ते नंतर. आधी सहा महिने कोरडे राहा." ठीक आहे. बायकोनं आघातावर उपचार करणाऱ्या एका क्लिनिकला फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, दारू पितात का? हो? मग सहा महिने सोडल्यावर या.

आमच्या धंद्यात याला डेडलॉक म्हणतात. दोन प्रोग्रॅम एकमेकांसाठी खोळंबलेले असतात, दोघांपैकी कोणाचीच चूक दाखवता येत नाही, आणि मशीन थिजून बसतं. साध्या भाषेत, दारात उभ्या असलेल्या दोघांचं "पहले आप". इकडे मी फेब्रुवारीतल्या त्या तारखेला, बाहेर बर्फ पडत असताना, सोडामधून पिऊन गटाच्या मीटिंगला गेलो.

"आधी दारू, मग बाकीचं" या नियमामागचं भय खोटं नव्हतं. जखम उघडली की माणूस जास्त पिईल, असं वर्षानुवर्षं मानलं जाई. पण भय वाटणं आणि मोजून पाहणं यांत फरक आहे. मोजून पाहिलेले दोन प्रयोग मला फार महत्त्वाचे वाटतात. सिडनीत कॅथरिन मिल्स आणि सहकाऱ्यांनी पीटीएसडी आणि व्यसन दोन्ही असलेल्या १०३ लोकांवर केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीचे व्यसनमुक्तीचे उपचार मिळाले, काहींना त्यासोबतच आघाताच्या आठवणीला सामोरं जाण्याचे उपचार. दुसऱ्या गटात पीटीएसडीची लक्षणं अधिक कमी झाली. व्यसन दोन्ही गटांत सारखंच घटलं, आघाताविषयी बोलल्यामुळे ते वाढलं नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या एड्ना फोआ यांनी १६५ जणांवर केलेल्या आणि २०१३ मध्ये छापून आलेल्या अभ्यासातही हेच दिसलं, शिवाय नाल्ट्रेक्सोन या गोळीनं पिणं कमी झालं. जादू नव्हे, सिडनीच्या अभ्यासात अनेकांनी सगळी सत्रं पूर्ण केली नव्हती. पण "आधी सहा महिने" या अटीला भक्कम आधार नाही एवढं नक्की. 'एकत्र' याचा अर्थ पहिल्याच दिवशी असा मात्र नाही. शरीरातून दारू उतरवण्याचं काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली आधी व्हावंच लागतं.

जुलै २०२१ मध्ये दोन्ही एकदम हाताळणाऱ्या एक मानसतज्ज्ञ बाई सापडल्या. त्यांनी दोन प्रश्नावल्या दिल्या. एक पीटीएसडीची, वीस प्रश्नांची, ० ते ८० गुणांची. ३१ ते ३३ च्या पुढे गेलं की सविस्तर तपासणी करतात. मला ५८ पडले. दुसरी जागतिक आरोग्य संघटनेची दारूविषयी, दहा प्रश्न, ४० गुण. ८ पासून धोका सुरू होतो. मला २७. आयुष्यात परीक्षेत जास्त गुण मिळाल्याचं वाईट पहिल्यांदाच वाटलं. सोबत मानसोपचारतज्ज्ञांनी नाल्ट्रेक्सोन आणि सर्ट्रालिन सुरू केलं. नाल्ट्रेक्सोननं दारूतली मजा बोथट होते. ते घेताना अफूवर्गातली वेदनाशामकं चालत नाहीत आणि यकृताची तपासणी करून घ्यावी लागते. सर्ट्रालिनला १९९९ मध्ये पीटीएसडीसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली आहे.

पहिलं काम वहीचं. प्यावंसं वाटलं की वेळ लिहायची आणि त्याआधी काय घडलं ते लिहायचं. दोन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. मंगळवार, सकाळी ५:४०, कचऱ्याच्या ट्रकचा ब्रेक. गुरुवार, रात्री ९, सांगलीचा फोन. अकरापैकी आठ नोंदी अपघाताशी जाऊन भिडत होत्या. अडीच वर्षं मी ज्याला तल्लफ समजत होतो ती बहुतेक वेळा भीती होती. ती पानं बघून मी बायकोला हाक मारली, दोघं स्वयंपाकघरात बराच वेळ उभे होतो.

मग सत्रं. पद्धतीत दीड-दीड तासाची बारा असतात, माझी सतरा झाली. प्रत्येक सत्रात थोडा वेळ आठवड्यातल्या तल्लफांवर, उरलेला त्या रात्रीवर. डोळे मिटून, वर्तमानकाळात, आत्ता घडतंय असं सांगायचं. ते ध्वनिमुद्रित होतं आणि घरी रोज ऐकायचं. पहिल्या दोन वेळा मी इंग्रजीत सांगितलं, एखाद्या प्रोजेक्टचा अहवाल द्यावा तसं. बाईंनी विचारलं, "गाडीत तुम्ही कुठल्या भाषेत बोलत होता?" मराठीत. "मग मराठीत सांगा. मला शब्द कळले नाहीत तरी चालेल, नंतर थोडक्यात सांगा." 'हीटर जरा कमी कर रे' हे त्याचे शब्द मी अडीच वर्षांत पहिल्यांदा तोंडातून काढले. इंग्रजीत सांगताना ते वाक्य मी गाळतच होतो. आपल्यापैकी कोणी असे उपचार घेत असेल तर ही गोष्ट थेरपिस्टकडे जरूर काढावी.

दुसरी यादी टाळलेल्या गोष्टींची, प्रत्येकीला भीतीचे ० ते १०० गुण देऊन. उभ्या गाडीत हीटर लावून बसणं, ३०. शेजारच्या सीटवर बसून प्रवास, ४५. रात्री आय-८०, ९०. सगळ्यात वर मित्राच्या आईला फोन, १००. खालून एकेक पायरी चढायची आणि भीती ओसरेपर्यंत तिथेच थांबायचं. मधे मी दोनदा प्यायलो. पूर्वी अशा वेळी कार्यक्रमातून नाव काढतील की काय ही धास्ती असे. बाईंनी वही उघडायला सांगितली आणि त्या दोन दिवसांआधी काय झालं ते आम्ही वाचलं.

काकूंना फोन केला तो डिसेंबरमध्ये, त्यांच्याकडे सकाळ असताना. मी मनात "चहाला थांबलो असतो तर" याची कबुली तयार करून ठेवली होती, ती दिलीही. त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "एक विचारू का? त्या रात्री तिकडे फार थंडी होती म्हणतात. त्याला थंडी सोसत नसे रे." मी सांगितलं, "काकू, गाडीत गरम होतं. तो म्हणाला, हीटर कमी कर." त्या रडल्या, मीही. हे एवढं सांगायला त्यांना कोणी भेटलं नव्हतं, आणि मी फोन उचलत नव्हतो. मार्चमध्ये पहिली प्रश्नावली पुन्हा भरली, १९ गुण.

सगळ्यांनाच असं प्रसंगात परत शिरणं जमत नाही, जमायलाच हवं असंही नाही. लिसा नजाविट्स यांची 'सीकिंग सेफ्टी' ही पद्धत जुन्या प्रसंगात न शिरता आज सुरक्षित कसं राहायचं ते शिकवते आणि ती व्यसन व आघात दोन्हींसाठी मिळूनच बनवलेली आहे. घरात अजूनही मारहाण सोसणाऱ्या बाईसाठी पहिलं पाऊल तेच योग्य.

दोन गोष्टी आपल्या लोकांसाठी मुद्दाम. भारतातून येणाऱ्या बॅगांत कधीकधी 'दारू सोडवायची पुडी' असते, नवऱ्याला न सांगता चहात घालायची. त्यात डायसल्फिराम असेल तर वरून दारू प्यायल्यावर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. तसंच झोपेच्या आणि 'टेन्शनच्या' गोळ्या. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या दारूबरोबर श्वास मंदावतात, आणि अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याची मार्गदर्शक तत्त्वं पीटीएसडीसाठी त्या देऊ नका असंच सांगतात.

आता पैशांकडे. २००८ च्या केंद्रीय कायद्यानुसार इन्शुरन्स योजनेत मानसिक आजार आणि व्यसनाचे उपचार असतील तर त्यांवर शारीरिक आजारांपेक्षा कडक मर्यादा लावता येत नाहीत. २०१० च्या आरोग्य कायद्यामुळे स्वतः घेतलेल्या आणि लहान कंपन्यांच्या योजनांत २०१४ पासून हे उपचार असावेच लागतात. दावा नाकारला तर अपील करा. माझा पहिला नाकारला होता, दुसऱ्या पत्रावर मंजूर झाला. माझ्या बाई नेटवर्कबाहेरच्या होत्या, एका सत्राचे २२० डॉलर. डिडक्टिबल भरल्यावर ६० टक्के परत मिळाले, उरलेले एचएसएमधून दिले. बऱ्याच कंपन्यांत कर्मचाऱ्यांसाठी काही मोफत समुपदेशन सत्रं असतात, ती वापरा. कंपनीत ५० किंवा अधिक कर्मचारी असतील आणि तुमचं तिथे वर्ष (व त्यात १२५० तास काम) झालं असेल, तर १९९३ च्या कायद्यानं १२ आठवडे बिनपगारी पण नोकरी शाबूत ठेवणारी रजा मिळते. उपचारांसाठी मिळते, पिऊन घरी पडण्यासाठी नाही. निदान इन्शुरन्स कंपनीला कळतं, मॅनेजरला कळवत नाहीत. व्हिसाची भीती मलाही होती. धोका उपचारांपेक्षा रस्त्यावर जास्त आहे: पिऊन गाडी चालवताना नुसती अटक झाली तरी, गुन्हा शाबीत होण्याआधीच, व्हिसा रद्द होऊ शकतो.

उपचार केंद्राला फोन करताना सरळ विचारा, "तुम्ही पीटीएसडी आणि व्यसन एकाच वेळी हाताळता का, आणि मधे घसरण झाली तर काय करता?" उत्तर अडखळत आलं तर दुसरा नंबर फिरवा. १-८००-६६२-४३५७ ही सरकारी व्यसनविषयक मदतवाहिनी चोवीस तास मोफत चालते आणि जवळची केंद्रं सांगते. जीव नकोसा झाला असेल तर ९८८. माझ्याशी मराठीत बोलायचं असेल तर संपादकांकडे चिठ्ठी द्या, ती न उघडता माझ्याकडे पोचेल असं त्यांनी कबूल केलं आहे.

गाडी मी आता चालवतो, मुलीला पोहायला मीच नेतो. फक्त बर्फाचा अंदाज असला की पश्चिमेला जाताना अजून आय-८० सोडून आय-७८ धरतो. बाईंच्या मते ही थोडी टाळाटाळ आहे. बायकोच्या मते शहाणपण आहे.